शनिवारी घरी कोणी नाही

॥ श्री ॥
फ्रीमाँट, १६ जानेवारी २०२५

चि. चैत्रालीस शोभनामावशीचा आशीर्वाद.

तिळगूळ पाकिटात घातला तर तिकिटं जास्त लागतात, म्हणून नुसते शब्दच पाठवते. गोड मानून घे. फोन का नाही केला म्हणशील, तर इथे फोन म्हणजे शंतनू गाडीत, त्याची आन्या मागून इंग्रजीत काहीतरी विचारतेय, आणि आपलं बोलणं राहूनच जातं. तुझ्या आईला मी लग्न झाल्यापासून पत्रं लिहीत आले. आता या देशात आहे तर तुलाही लिहीन. उत्तर हाताने लिही, टाइप केलेलं मला सरकारी वाटतं.

इथलं बरं चाललं आहे. पूजेला फुलं मिळतात, दूध चांगलं आहे, खर्च मात्र रोज लिहून काढते तेव्हा बेरीज दोनदा करून बघते. शंतनू म्हणतो, "आई, तू रुपयांत मोजू नकोस." मग कशात मोजू?

एक गंमत सांगते. त्याने बिडाचा तवा आणि शेंगदाणा तेलाचा डबा मागवला, आणि तो नेमका आला शनिवारी. शनिवारी तेल नि लोखंड उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, हे तुझ्या आजीने आम्हा दोघी बहिणींना लावून दिलेलं. खोकी पोचवायला कबीर नावाचा एक येतो. मूळचा काबूलचा, सिनेमे पाहून हिंदी शिकलेला, माझ्याहून बरी बोलतो. त्याला दारातूनच म्हटलं, "भैया, आज शनिवार है, तेल-लोहा नहीं लेती." वाटलं, हसेल. तो म्हणाला, "हमारा जुम्मा, आपका शनिचर. समझ गया, माँजी." फोनवर काहीतरी दाबलं, खोकी गाडीत परत ठेवली, आणि रविवारी सकाळी आणून दिली. परक्या देशात असा माणूस भेटायला पुण्याई लागते.

तुझं काम काय ते नीट सांग. आमची लतिका, तुझी आई, नुसती "कंप्युटरचं" म्हणते.

तुझी
शोभनामावशी


अ‍ॅशबर्न, ९ फेब्रुवारी

ती. शोभनामावशीस सा. नमस्कार.

हाताने लिहायला बसले तर पहिल्या ओळीतच बोटं दुखली, यार. अक्षराला हसू नकोस.

काम सांगते. माल गोदामापर्यंत आणणं सोपं असतं. कठीण असतो तो शेवटचा टप्पा, गोदाम ते तुझं दार. सगळ्यात जास्त पैसा नि वेळ तिथेच जातो. कुठली गाडी कुठल्या गल्लीत आधी जाईल, कोण किती वाजता घरी सापडेल, हे आमचं एआय ठरवतं, आणि मी त्या एआयच्या टीममध्ये आहे. ते शिकतं कशावरून? ड्रायव्हर दारात उभा राहून फोनवर जे बटण दाबतो त्यावरून. दिलं, नाकारलं, घरी कोणी नाही. मशीनला डोळे नाहीत मावशी, ड्रायव्हरचं बोट हेच त्याचे डोळे. घरांची नावं आम्हाला दिसत नाहीत, फक्त नंबर.

तुझा कबीर गोड आहे. आणि तू फ्रीमाँटमध्ये शनिवार पाळतेस हे मी ऑफिसात जेवताना सांगितलं, सगळे खूप हसले. प्रेमाने हं.

माझ्या खिडकीतून डेटा सेंटरच्या भिंती दिसतात. खिडक्या नसलेल्या. दिवसरात्र गुणगुणत असतात. तू आलीस तर म्हणशील, आत कोणीतरी जप करतंय.

इथे व्हिसाचं टेन्शन आहेच. या वर्षी प्रमोशन झालं तर कंपनी ग्रीन कार्डाचे पेपर सुरू करेल. देवाला सांगून ठेव.

तुझी
चैत्राली


॥ श्री ॥
फ्रीमाँट, १० मार्च

चि. चैत्रालीस आशीर्वाद.

देवाला सांगितलं आहे. रोज सांगते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बोट हेच डोळे, हे चांगलं लिहिलंस. मला तेवढंच कळलं, पण ते कळलं.

होळी तोंडावर आली. आमच्या रांगेतल्या घरांत आपली माणसं पुष्कळ आहेत. गुजराती, तेलुगू, दोन घरं सोलापूरची. गुरुवारी सगळ्या बायका माझ्याकडे भजनाला जमतात. कबीरची गोष्ट सांगितली तर सगळ्यांना आनंद झाला. त्यांच्याही सासवांनी शनिवारचं सांगितलेलं होतं, इथे येऊन सुटलं होतं. आता त्याही कबीरला सांगतात, आणि तोही बिचारा सगळ्यांचं रविवारवर ढकलतो. खोक्यात काय आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून काहीजणी शनिवारी काहीच घेत नाहीत. ते मला जास्त वाटलं, पण नियम पाळणाऱ्याला कसं अडवायचं?

एक शुभाताई तेवढ्या ऐकत नाहीत. माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात, पुण्याला शाळेत गाणं शिकवायच्या, पेटी अजून सुरेख वाजवतात. मुलगी अदिती कामासाठी सारखी विमानात. मला म्हणाल्या, "शोभनाताई, तुमच्या शनीला व्हिसा कसा मिळाला हो? आमच्या भाच्याला तीनदा नाकारला." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण त्यांना एक लाडू कमी वाढला.

प्रमोशनचं कळव.

शोभनामावशी


अ‍ॅशबर्न, ६ एप्रिल

ती. शोभनामावशीस,

आज रामनवमी ना? सुंठवडा नाही, म्हणून आल्याच्या दोन गोळ्या खाल्ल्या. चालतं असं समज.

मावशी, बातमी आहे! आमच्या मशीनने एक गोष्ट स्वतःहून शोधून काढली. काही गल्ल्या अशा आहेत की तिथली घरं इतर दिवशी उघडी आणि शनिवारी बंद. रविवारी पुन्हा उघडी. हे आम्ही कोणी शिकवलं नव्हतं. शनिवार म्हटल्यावर एकजण म्हणाला की हे ज्यू लोक असतील, सब्बाथ पाळत असतील. दुसरा म्हणाला, मुलांचे सॉकरचे सामने. मी म्हटलं, कारण काही असो, पॅटर्न पक्का आहे. मग मी नियम तयार केला. या गल्ल्यांत शनिवारी गाडी पाठवायचीच नाही, शनिवार-रविवारची सगळी खोकी एकत्र करून सोमवारी. रविवारची वेगळी चक्करही वाचली, पेट्रोल वाचलं. मोठ्या साहेबांसमोर मी ते सादर केलं, आणि टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या.

सगळीकडे आता हेच लावणार आहेत. मॅनेजर म्हणाली, प्रमोशनची फाइल वर गेली आहे. तू देवाला सांगितलंस त्याचंच हे. आईला फोनवर सांगितलं तर ती रडली.

काटकसर तुझ्याकडूनच शिकले बघ. फुकटची चक्कर मला बघवत नाही.

तुझी
चैत्राली


॥ श्री ॥
फ्रीमाँट, २४ मे

चि. चैत्रालीस आशीर्वाद.

तुझ्या आनंदाच्या पत्राला उत्तर उशिरा देते आहे, आणि तेही असं.

शुभाताईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आहे, बोलणं अडखळतं. रक्त पातळ ठेवायच्या त्यांच्या गोळ्या दर महिन्याला खोक्यातून येतात. या खेपेला शनिवारी यायच्या होत्या. फोनवर शुक्रवारपर्यंत शनिवारच दाखवत होतं, मग सोमवार दाखवायला लागलं. अदिती परगावी. शनिवारी संध्याकाळी मला कुंपणावरून म्हणाल्या, "येतील हो सोमवारी, दोन दिवसांत काय होतंय." मी म्हटलं, शंतनूला दुकानात पाठवते. तर म्हणाल्या, "नको, त्याचा एक सुट्टीचा दिवस, मुलाला झोपू द्या." मी नेट लावायला हवा होता.

सोमवारी सकाळी त्यांचा पडदा उघडलेला नव्हता. माझ्याकडे किल्ली असते. त्या स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या, जाग होती, माझ्याकडे बघत होत्या. डॉक्टर म्हणतात, गोळ्या चुकल्या हे कारण असू शकतं, नक्की कोण सांगणार? खोकं त्याच दुपारी आलं.

अदितीने तुमच्यासारख्या कुठल्यातरी कंपनीकडे तक्रार केली. चौकशी झाली, आणि ठपका आला कबीरवर. तो आला होता काल, पण दारात आला नाही. गल्लीच्या तोंडाशी फूटपाथवर उभा राहिला. मी या म्हटलं तर म्हणाला, "माँजी, आपकी गली में आने की मनाही है." त्याला कामावरून काढलं. म्हणतात, घरी माणसं असताना तो शनिवारी "घरी कोणी नाही" असं दाबत होता. दारावरच्या कॅमेऱ्यांत आम्ही सगळ्या उभ्या दिसतो. त्याच्यावर खोटेपणाचा शिक्का बसला. आता कुठलीच गाडी त्याला मिळत नाही. शुभाताईंची अवस्था त्याच्यामुळे झाली असं त्याला तोंडावर सांगितलं. तीन मुलं आहेत त्याला.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. "नाकारलं" दाबलं तर खोकं थेट परत जातं आणि पैसेही अडकतात, म्हणून मीच त्याला म्हटलं होतं, "लिखो, घर में कोई नहीं." मला ते खोटं मोठं वाटलं नाही. देवासाठी होतं ना! तो म्हणाला, "मैंने आपका नाम नहीं लिया."

तू या कामातली आहेस. कोणाला तरी सांग, की तो माणूस खोटा नाही. आणि शुभाताईंच्या गोळ्या कोणी अडकवल्या तेही शोधून काढ. त्यांच्याकडे तर शनिवारी दार उघडंच असायचं.

शोभनामावशी


अ‍ॅशबर्न, १ जून

ती. मावशीस,

शुभाकाकूंचं वाचून वाईट वाटलं. त्या बऱ्या होवोत.

ड्रायव्हर आमचे नसतात, ते ठेकेदाराचे. तो विभाग वेगळा आहे. मला त्यात पडता येत नाही. प्लीज तू कोणाला काही लिहून देऊ नकोस, आणि यावर फोनवरही बोलायला नको. सध्या इथे खूप काम आहे.

चैत्राली


॥ श्री ॥
फ्रीमाँट, ११ जून

चि. चैत्राली,

तुझ्या पत्रात एकही थट्टा नव्हती. तू लहानपणी पाटी फोडलीस तेव्हाही अशीच तीन वाक्यं बोलून आत गेली होतीस.

म्हणून रामनवमीचं पत्र पुन्हा काढलं. तेव्हा आनंदात वाचलं होतं, आता सावकाश वाचलं. शनिवारी बंद असणाऱ्या गल्ल्या. सोमवारी एकत्र खोकी. मी मॅट्रिक झालेली बाई, तुमचं मशीन मला कळत नाही. पण ती गल्ली कुठली ते कळलं. ज्यू नव्हते गं ते, आणि सॉकरही नव्हता. दाराआड तुझी मावशी उभी होती.

तुलाही हे माझ्या आधी कळलं आहे. बहुतेक चौकशीतच कळलं असेल.

तुला बोल लावत नाही. कोणत्या तोंडाने लावू? नियम माझा, तो दहा घरांत वाटला मी, बटण दाबायला सांगितलं मी. मशीनने ऐकलं ते खरं मानलं, तू मशीनने सांगितलं ते खरं मानलंस. आणि सोसलं कोणी, तर जिने माझा शनिवार कधी पाळलाच नाही तिने. आम्हा बाकीच्या घरांची सवय तिच्याही दाराला चिकटली. काल त्या डाव्या हाताने पेटीचा भाता हलवत होत्या. सूर उजव्या हातात होते. मी नजर फिरवली.

मी देवासमोर बसते तेव्हा कबीर फूटपाथवर उभा दिसतो. तेल-लोखंड बाहेर ठेवलं आणि खोटं आत घेतलं, असा शनिवार कोणाला पोचला असेल?

घडलं ते मी मराठीत लिहिलं आहे, आन्याने इंग्रजी केलं. मध्ये थांबून तिने विचारलं, "आजी, why did you make him lie?" मी म्हटलं, लिही पुढे. खाली बाकीच्या बायकांनीही सह्या केल्या आहेत. सोबत जोडते आहे. ठेकेदाराला मी पाठवू शकते, पण तो म्हणेल कोण ही म्हातारी. तू पुढे ठेवलंस तर ऐकतील. तुझं काय जाईल याचा अंदाज मला आहे. तुझ्या प्रमोशनसाठी मीच रोज हात जोडत होते, त्यामुळे हे पान दोनदा फाडून पुन्हा लिहिलं.

तू नाही म्हणालीस तरी माझी चैत्रालीच राहशील. पण मग मला पत्र लिहू नकोस, थोडे दिवस तरी.

शोभनामावशी


अ‍ॅशबर्न, २९ जून

ती. शोभनामावशीस सा. नमस्कार.

तुझं पत्र आठ दिवस बॅगेत घेऊन फिरले. मग सोबतचा तुमचा कागद मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला.

सगळं तुझ्या पहिल्याच पत्रात होतं, मावशी. कबीरने फोनवर काहीतरी दाबलं, रविवारी आणून दिलं. मी ते जेवताना सांगून सगळ्यांना हसवलं. आणि दोन महिन्यांनी त्याच टेबलावर बसून ज्यू की सॉकर यावर वाद घातला. मशीनने जे शोधलं त्याचं कारण माझ्या बॅगेत होतं. आम्ही एका घराला फोन करून विचारलं असतं, तुम्ही शनिवारी कुठे असता हो, तरी पुरे होतं. टाळ्या वाजल्यावर कोण विचारतं?

चौकशीत गल्लीचं नाव दिसलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बसले होते. मग तुला ते तीन ओळींचं पत्र लिहिलं. ते फाडून टाक.

सोमवारचा नियम काढला. औषधांची खोकी यापुढे मशीन मागे ढकलू शकणार नाही, आधी माणूस फोन करेल. प्रमोशनची फाइल परत आली. नोकरी आहे, ग्रीन कार्डाचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. म्हणजे काय ते आईला अजून सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

कबीरचा शिक्का पुसायला लावला आहे. तुमचा कागद वाचून ठेकेदाराने मान्य केलं की त्याने स्वतःसाठी काही लपवलं नव्हतं. पण बटण चुकीचं दाबलंच, म्हणून परत घ्यायचं की नाही ते ठरलेलं नाही.

आणखी एक. नियम काढला तरी मशीन मागचं सगळं विसरत नाही. तुमच्या गल्लीत शनिवारी कोणी नसतं, असं त्याला आतून अजून वाटतं. मी हाताने खोडू शकते, पण ते पुन्हा तिकडेच वळेल. त्याला दुसरं काही दिसायला हवं. शनिवारी दारं उघडायला हवीत, खोकी आत जायला हवीत, अनेक आठवडे. तुला हे सांगायला मला जड जातंय.

तुझी
चैत्राली


॥ श्री ॥
फ्रीमाँट, २७ जुलै

चि. चैत्रालीस अनेक आशीर्वाद.

ते तीन ओळींचं पत्र फाडलं. त्याचा मागचा कोरा कागद वाण्याच्या यादीला वापरला, तेवढं चालवून घे.

काल श्रावणातला पहिला शनिवार. या दिवशी मी लग्नापासून कधी तेलाचा थेंब घरात आणला नाही. पहाटे अंघोळ करून मारुतीपुढे बसले. म्हटलं, आजवर तुझ्यासाठी दार बंद ठेवलं, आज दुसऱ्यांसाठी उघडते, तुला राग आला तर माझ्यावर काढ, दुसऱ्या कोणावर नको. एवढं बोलून उठले.

तेलाचा डबा आणि लोखंडी कढई मी मुद्दाम शनिवारची मागवली होती. कढईची गरज नव्हती, तो खर्च मी देवाच्या खात्यावर लिहिला. बाकीच्या बायकांनीही काही ना काही मागवलं होतं. एकीने म्हटलं, "शोभनाताई, पाप लागलं तर?" मी म्हटलं, "माझ्या नावावर लिही."

खुर्ची उंबऱ्यात टाकून बसले. शेजारी अदितीने शुभाताईंची चाकाची खुर्ची त्यांच्या दारात आणली. दोघी दोन दारांत, लग्नातल्या वऱ्हाडासारख्या. गाडी आली. नवी ड्रायव्हर मुलगी आहे, तिने घाईने खोकं पायरीवर ठेवलं आणि वळली. मी हाक मारली, "वेट, वेट." दोन्ही हातांत घेतलं, तिच्या देखत उंबऱ्याच्या आत ठेवलं, आणि तिने बटण दाबेपर्यंत तिच्या बोटाकडे बघत राहिले. ती हसली. तिला वाटलं असेल, म्हातारी चक्रम आहे.

शुभाताईंचं खोकं त्यांनी डाव्या हाताने मांडीवर घेतलं. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही, अदितीने दोनदा ऐकून सांगितलं, "आई म्हणतेय, शनीचा व्हिसा संपला का?" मी हसायला गेले आणि मला रडू आलं. त्या मात्र हसत होत्या, अर्ध्या तोंडाने.

कबीरला अजून बोलावलेलं नाही. मेव्हण्याच्या बेकरीत नान भाजतो. गल्लीची मनाही उठली म्हणून काल संध्याकाळी आला, या वेळी दारापर्यंत. गरम नान होते. मी माफी मागितली तर म्हणाला, "बटन तो मैंने दबाया था, माँजी." मग कढई बघितली आणि म्हणाला, "आज शनिचर है ना?" मी म्हटलं, "हाँ. है." तो चप्पल काढून आत आला.

पुढच्या शनिवारीही बसेन, त्याच्या पुढच्याही. तू सांगशील तोवर. लतिकेला काही कळवलेलं नाही, ते तूच सांग, पण सांग.

आणि तुझ्या मशीनला आमच्याकडून एवढं कळव, की शनिवारी आम्ही घरी असतो. तेव्हाही होतो.

तुझी
शोभनामावशी